दूध खारट होईपर्यंत

करार

शेवंतीला तिसरा महिना लागला तेव्हा आशी अडीच वर्षांची होती आणि अजून अंगावर पीत होती.

पीत होती म्हणजे कशी? तोंडात सगळे दात, पायांत तोरड्या, गावातल्या प्रत्येक कुत्र्याशी भांडण. एवढा कारभार सांभाळून दिवसातून चार वेळा असेल तिथून पळत यायचं, आईचा पदर वर करायचा नि आत शिरायचं. आई बसलेली मिळाली तर ठीक. उभी मिळाली तर लुगडं ओढून तिला खाली बसवायचं.

आशीची आजी सरूबाई, म्हणजे शेवंतीची सासू, हे सगळं उंबऱ्यावर बसून बघायची. तिचा हिशोब साधा होता. तिसऱ्या महिन्यानंतरचं दूध पोटातल्याच्या नावाचं. ते वरच्या पोरानं ओढलं तर वरच्याला मुडदूस आणि खालच्याला जन्मभराची हाव.

"तोडायला पायजे गो आता," ती म्हणाली. "पन मी लिंब लावायला सांगत न्हाय. कशाला? चौथ्या-पाचव्यात बाईचं दूध आपसूक खारट होतं. माझ्या तिन्ही पोरांनी एकेक घोट घेतला, तोंड वाकडं केलं नि उठून गेली. रडं न्हाय, पडं न्हाय."

"आनि हिनं न्हाय सोडलं तर, बाय?"

"तर शिमगा झाला की चेण्याला. शालूकडं महिनाभर ठेवायची. इसरंल."

शालू ही सरूबाईची थोरली लेक, चेण्याला दिलेली. माणूस चांगलं. घरी म्हैस, अंगणात चिंच, तीन भावंडं खेळायला. पोराला न्यायला त्याहून बरी जागा नाही. पण 'इसरंल' हा शब्द ऐकून शेवंतीच्या हातातलं तांदूळ निवडायचं सूप थांबलं.

काकी

शेवंतीच्या माहेरी एक गोष्ट प्रत्येक लग्नात सांगतात. धाकटा भाऊ पोटात होता तेव्हा दोन वर्षांच्या शेवंतीला दूध तोडायला मावशीकडे उत्तनला ठेवली होती. दीड महिन्यानं परत आणली. दारात उभी राहिली, आईकडं बघितलं आणि म्हणाली, "काकी, पानी दे."

काकी म्हणाली! सख्ख्या आईला काकी!

मांडवात हशा पिकतो. सगळ्यांत जास्त शेवंतीची आई हसते, हसता हसता पदर डोळ्याला लावते, आणि मग कुणीतरी पान पुढं करतं. शेवंतीही हसते. तिला त्यातलं काही आठवत नाही. पण पहिलटकरीण म्हणून माहेरी गेली होती तेव्हा तिनं एकदा आईला विचारलं होतं, "मग आये कधी म्हनाय लागली मी?" आई मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "लागलीस की. पावसाळा गेला मधी."

पावसाळा. चार महिने.

म्हणून शेवंतीचं मागणं एवढंच होतं. आशीनं सोडावं, जरूर सोडावं, पण आपलं आपण सोडावं. कुणी तिला उचलून न्यायला नको.

"बरं बाय," ती सासूला म्हणाली. "दूध खारट होईपर्यंत."

टोपलीबरोबर फिरणाऱ्या गोष्टी

भाईंदरच्या पश्चिमेला, मुर्ध्याच्या वाटेवर, खाडीलगत मिठागर. नाथा, म्हणजे शेवंतीचा नवरा, वाफ्यातलं मीठ ओढून कडेला आणायचा. बायका ते टोपलीत भरून राशीवर नेऊन ओतायच्या. टोपली या डोक्यावरून त्या डोक्यावर, आणि टोपलीबरोबर बोलणं.

"अडीच वर्साची घोडी पिते म्हनं अजून."

"दात मोजले का गो तिचे?"

"लग्नाच्या मांडवात पन पाजशील काय, शेवंते?"

"थांबा भटजी, नवरी पितेय!"

"पोटुशीचं दूध म्हंजे शिळं पानी."

"पोटातलं बघतंय हां वरून. रुसून बसंल."

"वरून कसं बघंल? खालून बघंल."

"तू गप गो, तुझ्या पोरानं चार वर्सं ओढलं."

"माझ्या वेळी पोटात कोन नव्हतं! ह्यो घरी कुठं असायचा?"

आणि मग सगळ्या हसायच्या, शेवंतीसुद्धा, आणि टोपली पुढं जायची.

दवाखान्यातल्या नर्सबाईनं मात्र पाच मिनिटं दिली. शेवंतीचं पोट चाचपलं, आशीची पापणी खाली ओढून बघितली, दंड दाबला. "पोरगी ठणठणीत आहे. सोडलं तर बरं. नाही सोडलं तर तू तिघींच्या वाटचं जेव."

"तिघी?"

"तू, ही, आणि आतली. आतला असेल तर त्याच्या वाटचं."

खोटं कशाला सांगा

कधी कधी नको व्हायचं.

चौथा लागला तशी अंगाला आशीची जीभ लागली की पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जायची. दात लागले की शेवंतीला वाटायचं, उचलावी आणि द्यावी भिरकावून राशीवर. मग तिनं एक युक्ती काढली. वीसपर्यंत मोजायचं. वीस झाले की सोडायचं. आशीला ते पटलं, कारण त्यात तिलाही मोजायला मिळायचं. तोंड भरलेलंच असायचं, म्हणून मोजणी नाकातून व्हायची. एक, दोन, तीन, पाच, आणि मग आशी तोंड काढून सांगायची, "वीस न्हाय झाले. तू चुकलीस."

तिच्या कपाळावर घामानं केस चिकटलेले. वाळलेल्या मिठाची पांढरी रेघ कानाजवळ. शेवंती परत एकपासून सुरू करायची.

संक्रांतीनंतरचा तिसरा दिवस, दुपार

मिठागरावर झावळ्यांचा एक मांडव होता, दुपारच्या भाकरीपुरता. सरूबाई भाकरी-कालवण घेऊन आली होती. शेजारच्या इंदुबाई तिळाच्या वड्या घेऊन आल्या होत्या. त्या रत्नागिरीकडच्या. नवरा मिठागराच्या कचेरीत, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात 'हाय-न्हाय' नव्हतं, आणि औषधांची माहिती मात्र सगळ्यांहून जास्त होती.

आशी आली. पदर वर. आत.

एक घोट. दोन.

आणि थांबली.

तोंड काढलं. एखादा ओळखीचा माणूस भलतंच बोलला की त्याच्याकडं बघावं तसं बघत राहिली. ओठावरून जीभ फिरवली.

"आये," ती म्हणाली, "मीठ."

सरूबाईनं हातातली भाकरी खाली ठेवली. "आलं! म्हटलं नव्हतं मी? आलं!"

"अगो बाई, खरंच की," इंदुबाई म्हणाल्या आणि वडी तोंडात धरून बसल्या.

शेवंतीचा हात आशीच्या पाठीवर होता. हेच तर हवं होतं. रडं नाही, पडं नाही. मग हात पोरीच्या पाठीवरून निघत का नव्हता?

आशीनं तिचा पदर दुसऱ्या बाजूनं वर केला. तिकडं तोंड लावलं. एक घोट. मग तिचं तोंड फुललं, जत्रेत फुगेवाला दिसावा तसं.

"ह्यात पन मीठ!" तिनं मांडवात जाहीर केलं. "इंदुमावशे, आयेच्या दुधात मीठ आलं!"

आणि दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून, वीसच्या पुढं कितीतरी पीत राहिली. शेवटी ओठ चाटले.

सरूबाईची भाकरी मांजरानं नेली.

आता कळतं ते

सरूबाईची पोरं झाली तेव्हा घरची होडी होती. ती मासळी विकून घरी यायची, ऊन पाण्यानं अंग धुवायची, आणि मग ओसरीवर पोराला घ्यायची. तिच्या पोरांनी मीठ बघितलं ते कालवणात.

आशी चाळीस दिवसांची असताना बांधावर आली. बांबूला बांधलेल्या झोळीत. रडली की शेवंती टोपली टाकून यायची, हात पदराला पुसायची, आणि पदर तर हातापेक्षा खारा. अंगावर घाम, घामावर मिठाची भुकटी. आशीच्या आयुष्यातल्या प्रत्येक पिण्याची सुरुवात खारट झाली होती. मीठ चाटायचं, मग गोड लागायचं. आता शेवटपर्यंत खारट लागायला लागलं, तर तिला वाटलं आईनं सुधारणा केली.

मिठागरावरच्या पोरीला मीठ भिववील, असं अख्ख्या मिठागरावर प्रत्येक बाईला वाटलं होतं. झोळीपासून चाटलेल्या मिठाचा एकीनंही विचार केला नव्हता. शेवंतीनंसुद्धा नाही. तिला त्या दुपारी एवढं हसू आलं की पोटातलं हललं. पहिल्यांदाच.

इंदुबाईंचे उपाय

कडूलिंब वाटून लावला. आशीनं वास घेतला, उठली, घरात जाऊन लोटीभर पाणी आणलं. "आये, तुना घान लागलीय." स्वतःच्या हातानं धुतलं, स्वतःच्या झग्यानं पुसलं, मग प्यायली.

काजळानं डोळे आणि मिशा काढल्या. चित्र नाथानं काढलं, तंबाखू मळायचा हात, पण मिशा झकास उतरल्या. आशी हसून लोळली. दारातल्या कुत्र्याला बोलावून दाखवल्या.

कोरफड. कोरफडीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तिला आवडली.

"सरूबाई, ही तुमची नात आहे की कोण आहे?" इंदुबाई म्हणाल्या.

"माझी कसली? नाथाची हाय. त्यो पन लहानपनी माती खायचा."

शिमगा

होळी पेटली, धूळवड झाली. करार तो करार. सातवा सरत आलेला. सरूबाईनं बोचकं बांधलं. आशीचे दोन झगे, लेकीला वाळके बोंबील, नातवंडांना हरभरे.

"महिना," ती म्हणाली. "मी पन ऱ्हाते तिच्यासंगं. रडली तर घ्यायला कोनतरी पायजे."

मिठाचा ट्रक काशीमिऱ्याकडं निघाला होता. ड्रायव्हर उत्तरेकडचा. सरूबाईला बघून म्हणाला, "अम्मा, नमक के ऊपर बैठेगी?"

"उपर बैठेगी," सरूबाई म्हणाली. "नीचे तुम बैठो."

आशीला ट्रकचं एवढं अप्रूप की तिनं मागं वळूनही बघितलं नाही. पांढऱ्या राशीवर आजीच्या मांडीत बसून दोन्ही हात हलवत गेली. ट्रकला, रस्त्याला, कावळ्यांना.

काशीमिऱ्याहून एसटी, वरसाव्याला उतरून पुढं चालत चेणे. दुपारपर्यंत पोचल्या असतील.

चेणे

शेवंती तिथं नव्हती. म्हणून ही जागा सध्या रिकामी.

घर

पहिल्या दिवशी शेवंतीनं घर सारवलं. आठव्याच्या तोंडाशी आलेल्या बाईनं सारवू नये असं म्हणायला सरूबाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती मांडवात जाऊन बसली. जड टोपली तिला कुणी देत नव्हतं, ती बाकीच्यांना पाणी द्यायची. दुपारी आशीच्या वेळेला पाय आपोआप दुमडले, पाठ बांबूला टेकली, हात पदराकडं गेला. समोर कुणी नाही. एक बगळा वाफ्यात उभा. शेवंतीनं वीसपर्यंत मोजलं आणि उठली.

"जाऊन आनू का?" नाथानं विचारलं. तो जेवत होता, मान खाली.

"कशाला? ऱ्हाऊंदे. करार हाय."

"करार तुझा नि आयेचा. माझा न्हाय."

"जेवा तुमी."

तो जेवला. हात धुताना म्हणाला, "भांडायला कोन न्हाय घरात. कुत्रं पन कटाळलंय."

शेवंतीच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. महिनाभरानं पोर दारात उभं राहील आणि आपल्याला काय म्हणेल. चेण्याला शालूची पोरं शालूला 'आये' म्हणतात. पोरं चारांची बघून बोलतात.

तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर यायच्या आत, बांधावरून सरूबाई येताना दिसली. कडेवर आशी. बोचकं डोक्यावर. चाल अशी की चोरी करून येतेय.

मांडवातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. इंदुबाई कचेरीतून डबा देऊन परतत होत्या, त्याही थांबल्या. शेवंती मात्र बसून राहिली, उठताच येईना. पोट, आणि दुसरं काहीतरी.

सरूबाईनं आशीला खाली ठेवलं. आशी दोन पावलं चालली, थांबली. आईकडं बघितलं. बराच वेळ.

"आये," ती म्हणाली.

शेवंतीनं डोळे मिटले.

"आये, आजीचं दूध संपलंय."

कुणाला आधी समजलं ते सांगता येत नाही. पण पहिलं फसकन हसू इंदुबाईंच्या नाकातून आलं.

"पार संपलंय," आशी सांगत होती, सगळ्यांना, एकेकीकडं वळून. "आत्याचं पन न्हाय. म्हशीचं हाय, पन म्हैस लाथ मारते. तुझं हाय ना?"

आणि उत्तराची वाट न बघता पदर वर केला.

चेणे, आता सांगता येईल

सरूबाईनं हे सगळं मांडवात बसून सांगितलं. आधी बोचक्याकडं तोंड करून, मग बायकांकडं, शेवटी शेवंतीकडं.

"काय हसताव गो? हसा. पोरगी रडली असती तर बरं झालं असतं. रडलीच न्हाय. भात खाल्लान, चिंचा खाल्ल्यान, पोरांना चोप दिलान. मी म्हटलं, इसरली. नि दुपारी निजायला आली माझ्या कुशीत, गपचीप माझ्या चोळीत हात घातलान. इचारलं पन न्हाय. जशी काय आमची रोजची बोली हाय. आता काय सांगू? साठीची बाई मी. म्हटलं, घे बाय, घे, सुकी विहीर हाय. तर बसली ओढीत. काय येतंय काय न्हाय, तिला पर्वा न्हाय. ओढीत बसली नि निजली. मना पयलं हसू आलं. मग…

"मग शालू आली दारात. तिनं बघितलं. कमरेवर हात ठेवून उभी ऱ्हायली. काय म्हनाली ठावं हाय? 'आये, मना दीड वर्सात तोडलंस, खारट झालं म्हनून. नि मी सोडलं न्हवतं. तूच उठून गेली होतीस.' मी म्हटलं, खोटं बोलतेस, तुना काय आठवतं. ती म्हनाली, 'आठवत न्हाय. पन आजी सांगायची मना.'

"तीस वर्सं मी सांगत आले, पोरांनी सोडलं, पोरांनी सोडलं."

सरूबाईनं पदरानं मानेवरचा घाम पुसला.

"दोन दिवस राहिले कशी तरी. दुपारी ही कुशीत, शालू दारात. कोन ऱ्हाईल तिथं? चांगलं कालवन करते, पन तोंड हाय तिला. माझ्यावर गेलीय."

आशीच्या तोरडीत चेण्याची लाल माती अडकली होती, ती शेवंती नखानं काढत राहिली.

"आता असं करायचं," सरूबाई म्हणाली, आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला. "दिसाला एकदा. दुपारी. बाकी वेळा म्हैस."

"आपल्याकडं म्हैस कुठं हाय, बाय?"

"मग बाकी वेळा भाकर."

वैशाख

मुलगी झाली. सकाळी उजाडल्यावर, फार त्रास न देता, सरूबाईच्या हातावर.

"दोघी," सरूबाई म्हणाली, नाळ कापताना. "बरं झालं. एकीचं झगं दुसरीला."

नाथा बाहेरून विचारत होता, काय झालं, काय झालं. आशीनं त्याला सांगितलं, "बारकी हाय. दात न्हाय तिला." तिच्या आवाजात कीव होती.

दोन दिवस आशी आजीकडं निजली, काही मागितलं नाही. बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही असं तिला सांगितलेलं होतं. तरी ती दर थोड्या वेळानं दारातून डोकावायची, बाळाला दात आले का बघायला.

तिसरा दिवस, दुसरा

तिसऱ्या दिवशी शेवंतीला दूध उतरलं. उतरलं कसलं, चढलं. छाती दगड झाली. बाळाचं तोंड वाटाण्याएवढं, ते नुसतं घसरायचं, रडायचं, दमून झोपायचं, उठून परत रडायचं. दुपारपर्यंत शेवंतीच्या अंगात कसर आली. इंदुबाईंनी ऊन पाण्याची फडकी ठेवली, कोबीचं पान बांधू का विचारलं, परत फडकी ठेवली. शेवंतीनं दातांत पदर धरला होता.

सरूबाई उठली. दारात गेली. आणि मिठागराच्या दुसऱ्या टोकाला जाईल अशा आवाजात ओरडली,

"आशे! ये गो, प्यायला ये!"

बांधावरच्या बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या. सहा महिने जी पिऊ नको म्हणत होती तीच बोलावत होती.

आशी आली. पाय चिखलानं भरलेले, हातात खेकड्याची नांगी. आजीनं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं, पाय पुसले, नांगी काढून घेतली.

"पी गो बाय. आयेला दुखतंय. चार घोट पी."

आशीनं आईकडं बघितलं. शेवंतीनं मान हलवली. आशी जवळ बसली, जुन्या सवयीनं तोंड लावलं, एक घोट घेतला.

तोंड काढलं.

"हे गोड हाय."

"हां, गोडच असतं. पी."

"गोड न्हाय पायजे."

"अगो, चार घोट! माझी माय न्हायस तू? चेण्याला नेते ट्रकातून. पी गो."

"गुळमाट लागतं," आशी म्हणाली आणि उठायला लागली. मग आईचं तोंड तिनं पाहिलं. ती परत बसली. विचार केला. "मीठ टाक मग."

सरूबाईनं इंदुबाईंकडं बघितलं. इंदुबाईंनी छताकडं.

चुलीशेजारच्या मडक्यातून सरूबाईनं चिमूट आणली. खडा बोटात चुरडला, बोट ओलं केलं, आणि तिनं, जिच्या मते हे दूध पोटातल्याच्या नावाचं होतं, ते पोर बाहेर आल्यावर शेवंतीच्या अंगाला स्वतःच्या हातानं वरच्या पोरीसाठी मीठ लावलं.

आशी प्यायली. नाकातून मोजत. एक, दोन, तीन, पाच. एका बाजूनं, मग दुसऱ्या. आवडीनं नाही. कुणाचं काम करून द्यावं तशी. पण जोरात, पूर्ण दातांच्या पोरीच्या जोरानं. शेवंतीच्या छातीतला दगड सैल झाला, तिच्या घशातून आवाज निघाला, आणि सरूबाईनं लगेच बाळाला उचलून छातीला लावलं. बाळानं धरलं. पहिल्यांदा नीट धरलं. त्याचे कान हलायला लागले.

"वीस," आशी म्हणाली. तोंड पुसलं. "माझी नांगी दे."

नांगी घेऊन बांधावर गेली.

दुपार

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली नाही. त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही. शेवंती पडल्या पडल्या ऐकत होती. बाहेर कुत्र्याला दम देणं चालू होतं, कुणाच्या तरी पोराला तू बारका हायस म्हणून सांगणं चालू होतं.

गेलं. असं गेलं. ना लिंबानं, ना चेण्यानं. खेळता खेळता चप्पल पायातून निघावी आणि कळूही नये, तसं. तिला हेच हवं होतं आणि तेच झालं होतं, आणि तरी ती उजव्या कुशीला थोडी जागा ठेवूनच झोपत होती.

तिसऱ्या दुपारी आशी दारात उभी राहिली.

"आये, भूक."

"आजीकडं माग. मी सोयरात हाय ना."

सरूबाई थाळा घेऊन आलीच. भात, वर जवळ्याचं कालवण. उंबऱ्यावर बसून तिनं घास केला.

"तू न्हाय," आशी म्हणाली. "आयेनं."

"दहा दिस तिच्या हातचं खायचं नसतं."

"आयेनं."

"अगो, रीत असते—"

"आयेनं."

सरूबाईनं शेवंतीकडं बघितलं. शेवंतीच्या डाव्या हातावर बाळ पीत होतं, उजवा हात मोकळा होता. सरूबाईनं थाळा उंबऱ्याच्या आत सरकवला, हातभर. मग उठली, दाराकडं पाठ केली आणि अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांवरच्या माश्या हाकलायला लागली. त्यांच्यावर माश्या नव्हत्या.

शेवंतीनं एका हातानं भात कालवला. घास केला.

"मोठा," आशी म्हणाली.

शेवंतीनं मोठा केला.